बँकेच्या शेअरला एफडी म्हणू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात पैशांच्या पानावर मध्ये एक लेख आला होता, की मार्केट असं रोज खाली-वर होत असताना साध्या माणसाने बँकांचे शेअर घेऊन ठेवावेत, भाव काय व्हायचा तो होऊ दे, डिव्हिडंड म्हणजे नफ्यातला वाटा येत राहतो आणि एफडीपेक्षा बरा पडतो. मी तो दोनदा वाचला. लेख वाईट नव्हता, माहिती बरीच होती, पण त्यात 'स्थिर उत्पन्न' हे शब्द इतक्या वेळा आले की शेवटी राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर कापा, फक्त २०२० बद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात, म्हणजे लोकांनी उचललेले पैसे परत येतायत की नाही हे बघायच्या टेबलावर. आता रिटायर आहे. माझ्याकडेही बँकांचे शेअर आहेत, डिव्हिडंड येतो, आला की बरं वाटतं, तेव्हा मी काही शेअरच्या विरोधात वगैरे नाही. माझं भांडण आहे ते फक्त त्या 'स्थिर' शब्दाशी.

गल्लत कुठे होते सांगतो. व्याज पण बँकेतूनच येतं, डिव्हिडंड पण बँकेतूनच येतो, दोन्ही खात्यात जमा होतात, मोबाईलवर मेसेज पण साधारण सारखाच येतो, त्यामुळे माणसाला वाटतं की एकाच नळाचं पाणी आहे. आतून बघितलं तर दोन्हींचा काही संबंध नाही. एफडीचं व्याज हा बँकेचा खर्च आहे, नफा होवो की तोटा होवो, ते ठरल्या दिवशी ठरल्या रेटने द्यावंच लागतं, नाही दिलं तर बँकेला टाळं. डिव्हिडंडचं तसं नाही. आधी ठेवीदारांचं व्याज, मग पगार, भाडी, कॉम्प्युटर, मग बुडायला आलेल्या कर्जांसाठी बाजूला काढायची रक्कम ज्याला आम्ही प्रोव्हिजन म्हणायचो, मग टॅक्स, मग रिझर्व्हमध्ये टाकायचं ते, आणि एवढं सगळं होऊन पातेल्यात काही उरलं तर बोर्ड बसून ठरवतं की शेअरहोल्डरला वाढायचं का आणि किती. पंगतीत शेवटी बसणाऱ्याला कधी दोन लाडू मिळतात तर कधी नुसती पानं उचलावी लागतात, आणि त्याबद्दल तक्रार कुठे करता येत नाही कारण तुम्हाला कुणी शब्द दिलेलाच नसतो.

हे कुठल्याही कंपनीच्या डिव्हिडंडला लागू आहे, मग बँकेचंच वेगळं काय, असं कुणी म्हणेल. वेगळं आहे ते असं की बँकेचा सगळा धंदाच दुसऱ्याच्या पैशावर चालतो. शंभराची कर्जं वाटलेली असतात त्यात स्वतःचं भांडवल समजा नऊ, बाकीचे एक्याण्णव ठेवीदारांचे आणि इतरांकडून उचललेले. आता शंभरातली तीनच कर्जं पूर्ण बुडाली तर लोक म्हणतात तीन टक्के म्हणजे काही नाही, पण ते तीन त्या नवातून जातात, म्हणजे स्वतःच्या भांडवलाचा तिसरा हिस्सा साफ. साबण बनवणाऱ्या कंपनीचा तीन टक्के माल वाया गेला तर तिला असा दणका बसत नाही. म्हणून बँकेचा नफा पाच-सहा वर्षं छान गुळगुळीत दिसतो आणि मग एखाद्या वर्षी असा खड्डा पडतो की मागचं सगळं त्यात जातं.

आणि तो गुळगुळीत नफा पण किती खरा हे टेबलावर बसून बघितलेलं आहे. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत होतं, हा नियम सगळ्यांना माहीत असतो, कर्जदारालाही. मग ८८व्या दिवशी कुठून तरी थोडे पैसे येतात आणि खातं परत चांगलं. ते पैसे आले कुठून हे बघायला गेलं तर कधी कधी त्याच माणसाला नव्याने दिलेलं कर्ज सापडायचं! याला एव्हरग्रीनिंग म्हणतात, जगभर चालतं, आपल्याकडेही चाललं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने खाती उघडून तपासायला घेतली तेव्हा जी कर्जं चांगली म्हणून मिरवत होती ती एकेक करून बाहेर आली आणि मार्च २०१८ पर्यंत बँकांच्या शंभर रुपये कर्जातले अकराहून जास्त एनपीएत गेले. ही कर्जं काही त्या तीन वर्षांत खराब झाली नव्हती, खराब आधीच होती, दिसायला लागली नंतर. मधल्या वर्षांत नफा दाखवला, डिव्हिडंड वाटला, लोकांनी डिव्हिडंडचा टक्का बघून शेअर घेतले.

त्या लोकांत मी पण होतो, म्हणून तर एवढा चिडून लिहितोय.

नोकरीत असतानाच एका दुसऱ्या बँकेचे शेअर घेतले होते, नाव सांगत नाही. डिव्हिडंड यील्ड ९ टक्क्यांच्या आसपास दिसत होतं, एफडीपेक्षा कितीतरी जास्त, म्हटलं हे काय वाईट आहे. आता यील्ड म्हणजे काय तर गेल्या वर्षी दिलेला डिव्हिडंड भागिले आजचा भाव. शेअर शंभराला आणि डिव्हिडंड चार तर यील्ड ४ टक्के, तोच शेअर घसरून पन्नासवर आला की यील्ड आपोआप ८ टक्के, बँकेने एक पैसा जास्त दिला नाही तरी. म्हणजे वरचा आकडा गेल्या वर्षीचा आणि खालचा आजचा, आणि तो खालचा आकडा काहीतरी ओरडून सांगत असतो, पण आपल्याला ऐकू येतं फक्त यील्ड. मी दिवसभर लोकांच्या बॅलन्सशीटमध्ये भोकं शोधायचो आणि घरी येऊन स्वतःचे पैसे टाकताना त्या बँकेची बॅलन्सशीट उघडली सुद्धा नाही, याला काय म्हणायचं. पहिल्या वर्षी डिव्हिडंड आला, थोडा कमी आला. दुसऱ्या वर्षी नाहीच. तिसऱ्या वर्षी पाकीट आलं ते राइट्स इश्यूचं, म्हणजे बँकेला भांडवल कमी पडतंय, तुम्ही अजून पैसे घाला. आमच्या हिने ते वाचून शांतपणे विचारलं, ही बँक आपल्याला पैसे देणार होती ना, मग ही मागते कशी? मला उत्तर सुचलं नाही. अजूनही फारसं चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

राइट्स इश्यू ही गोष्ट तुमच्या लेखात कुठेच नव्हती आणि मला वाटतं ती यायला हवी होती, कारण बँकांच्या बाबतीत हे वारंवार होतं. ब्रिटनच्या आरबीएसने, म्हणजे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने, एप्रिल २००८ मध्ये शेअरहोल्डरांकडून १२ अब्ज पौंड मागितले, लोकांनी दिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारला ती बँक वाचवायला उतरावं लागलं. नंतर त्या बँकेचा डिव्हिडंड परत चालू व्हायला २०१८ साल उजाडलं. दहा वर्षं! डिव्हिडंडवर घर चालवणाऱ्या माणसाने दहा वर्षं काय करायचं?

आता कुणी म्हणेल की डिव्हिडंड वाढतोय म्हणजे बँकेत सगळं आलबेल आहे असं तरी धरायला काय हरकत आहे. त्याला नॉर्दर्न रॉक हे उत्तर. घरकर्जं देणारी ब्रिटिश बँक. जुलै २००७ मध्ये तिने आपला अंतरिम डिव्हिडंड ३० टक्क्यांनी वाढवला. सप्टेंबरमध्ये तिच्या शाखांबाहेर पैसे काढायला रांगा लागल्या, त्या रांगांचे फोटो जगभर छापून आले. वाढवलेला तो डिव्हिडंड वाटायच्या आधीच रद्द झाला, फेब्रुवारी २००८ मध्ये बँक सरकारने ताब्यात घेतली आणि शेअरहोल्डरला शेवटी शून्य मिळालं. वाढीची घोषणा ते रांगा, मधे दोन महिने सुद्धा नाहीत. ठेवीदारांचे पैसे मात्र सरकारने हमी दिल्यामुळे वाचले. रांगेत उभा असलेला ठेवीदार आणि घरात शेअर सर्टिफिकेट ठेवलेला शेअरहोल्डर यातला फरक यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार नाही.

अमेरिकेत त्याच काळात, म्हणजे २००८ च्या आर्थिक संकटात, काय झालं ते पण बघा. सिटीग्रुप दर तिमाहीला शेअरमागे ५४ सेंट द्यायची. जानेवारी २००८ मध्ये ते ३२ झाले, मग १६, मग २००९ च्या सुरुवातीला १ सेंट आणि मग तोही बंद. बँक ऑफ अमेरिका ६४ सेंटवरून ३२ आणि तिथून १ सेंट. हे झालं संकटात असलेल्यांचं, पण जेपी मॉर्गन, जी त्या सगळ्यात तुलनेने धडधाकट होती आणि दुसऱ्या बुडत्या बँका विकत घेत होती, तिने सुद्धा ३८ सेंटचे ५ केले. म्हणजे चांगली बँक निवडली तरी सुटका नाही, फार तर असं की चांगली बँक नंतर परत वाढवते आणि वाईट बँक वाढवत नाही. पण नंतर म्हणजे कधी, हे आधी कुणी सांगत नाही.

यापुढचा भाग महत्त्वाचा, कारण २००८ चं सगळं त्या बँकांच्या कर्मामुळे झालं असं म्हणून सोडून देता येतं. २०२० मध्ये बँकांनी काहीच केलं नव्हतं. नफा झाला होता, डिव्हिडंड जाहीर झाले होते, आणि साथ आली. २७ मार्चला युरोपियन सेंट्रल बँकेने बँकांना सांगितलं की निदान १ ऑक्टोबरपर्यंत डिव्हिडंड देऊ नका, मग ते पुढे ढकललं, आणि डिसेंबरात थोडी सूट दिली ती पण हात आखडूनच. ३१ मार्चला ब्रिटनमध्ये नियामकाच्या सांगण्यावरून पाच मोठ्या बँकांनी डिव्हिडंड रद्द केले. १७ एप्रिलला आपल्या रिझर्व्ह बँकेने सांगितलं की मार्च २०२० ला संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून बँकांनी आता काही वाटायचं नाही, आणि डिसेंबरात ते पक्कं केलं, म्हणजे त्या वर्षाचा डिव्हिडंड गेलाच. त्याच्या पुढच्या वर्षी दिला तर नेहमीच्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतच. यात चांगली बँक वाईट बँक असा भेदच नव्हता. वर्गात एकाने दंगा केला म्हणून सगळ्यांची सुट्टी रद्द व्हावी तसं, फरक एवढाच की इथे दंगा कुणीच केला नव्हता.

ब्रिटनच्या त्या पाच बँकांतल्या एचएसबीसीचा किस्सा तर फार बोलका आहे. हाँगकाँगमध्ये या बँकेचे शेअर साध्या लोकांनी पिढ्यानपिढ्या डिव्हिडंडसाठी धरून ठेवलेले असतात, कित्येक रिटायर मंडळींचा घरखर्च त्यावर चालतो. २०१९ चा शेवटचा डिव्हिडंड जाहीर झालेला, एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही ती तारीख) फेब्रुवारीच्या शेवटी होऊन गेलेली, म्हणजे भावातून ती रक्कम वजा सुद्धा झालेली, आणि पैसे यायचे होते १४ एप्रिलला. ३१ मार्चला रात्री कळलं की रद्द. पिकलेलं पीक दारात येऊन परत गेलं म्हणा. तिथल्या शेअरहोल्डरांनी आरडाओरडा केला, कोर्टात जायच्या गोष्टी केल्या, पण गेलेला डिव्हिडंड काही आला नाही. आणि शेअरचा भाव? तो आधीच पडला होता, दुसऱ्या दिवशी अजून पडला. ज्या महिन्यात माणसाला वाटतं की भाव पडला तर पडू दे, आपल्याला डिव्हिडंड आहे ना, नेमक्या त्याच महिन्यात डिव्हिडंड पण गेला. तुमच्या लेखातला 'भाव काय व्हायचा तो होऊ दे' हा सल्ला इथेच कोसळतो, कारण भाव पडायचं कारण आणि डिव्हिडंड थांबायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं.

खरं सांगायचं तर नियामकांनी केलं ते बरोबरच होतं असं मला बँकेतला माणूस म्हणून वाटतं. पुढे किती कर्जं बुडणार हे माहीत नसताना भांडवल बाहेर वाटून टाकणं वेडेपणा झाला असता, आणि माझ्या ठेवी पण त्याच बँकांत आहेत. शेअरहोल्डर म्हणून मी त्याच दिवशी चडफडलो. एकाच माणसात दोन माणसं असतात ती अशी. पण यातून कळतं की बँकेच्या डिव्हिडंडवर शेअरहोल्डर आणि बोर्ड यांच्याशिवाय एक तिसरा हात असतो, जो साबणाच्या कंपनीच्या डिव्हिडंडवर नसतो. आणि हा हात फक्त साथीच्या वेळी येतो असं नाही, तो नियमांत कायमचा लिहून ठेवलेला आहे. बासेल नियमांप्रमाणे, म्हणजे बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, बँकेकडे जोखमीच्या मानाने पहिल्या प्रतीचं भांडवल किमान साडेचार टक्के लागतं आणि त्यावर अडीच टक्क्यांची उशी, असे सात. त्या सातच्या खाली गेलं की बँक बंद होत नाही पण डिव्हिडंडला कात्री लागते, आधी नफ्यातला ४० टक्के भाग राखून ठेवायचा, अजून खाली गेलं तर ६०, मग ८०, आणि उशी जवळपास संपली की पूर्ण १००, म्हणजे शेअरहोल्डरला भोपळा. वेगवेगळ्या देशांत यावर अजून थोडे थोडे टक्के चढवलेले असतात, पण सांगाडा हाच. यील्ड बघणाऱ्या शंभर माणसांतल्या किती जणांनी आपल्या बँकेचा हा आकडा बघितलेला असेल?

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता रडतोय. कॅनडाच्या बँका बघा. बँक ऑफ माँट्रियल १८२९ पासून दरवर्षी डिव्हिडंड देतेय, एक वर्ष चुकवलेलं नाही, दोन महायुद्धं आणि १९३० ची मंदी धरून. २००८ मध्ये तिथल्या मोठ्या बँकांनी डिव्हिडंड कापला नाही, २०२० मध्ये तिथल्या नियामकाने फक्त एवढंच सांगितलं की वाढवू नका, आहे तेवढा देत राहा, आणि ती बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली. तेव्हा तुमच्या लेखकाचं म्हणणं अगदीच हवेत आहे असं नाही. मोजक्याच मोठ्या बँका, घरकर्ज देताना कडक तपासणी, त्यातल्या बऱ्याच कर्जांवर विमा, आणि नफ्यातला साधारण निम्मा भाग घरातच ठेवायची सवय, या सगळ्याने ते जमलं.

पण त्याच बँक ऑफ माँट्रियलचा शेअर २००७ च्या भावापासून २००९ च्या सुरुवातीला निम्म्याहून खाली आला होता आणि तेव्हा त्याचं यील्ड १० टक्क्यांच्या वर गेलं होतं. सिटीग्रुपचा शेअर पण नोव्हेंबर २००८ मध्ये ५ डॉलरच्या खाली आला, तेव्हाच्या १६ सेंटच्या हिशोबाने त्याचंही यील्ड १० टक्क्यांच्या वर दिसत होतं. एकाने डिव्हिडंड टिकवला आणि दुसऱ्याचा काही आठवड्यांत १ सेंट झाला. आज आपण सोफ्यावर बसून सांगू शकतो की कुठला खरा होता, त्या वेळी दोन्ही शेअर हातात धरून बसलेल्या माणसाला दोन्हीकडे सारखाच आकडा दिसत होता आणि सारखाच घाम फुटलेला होता. शिवाय माँट्रियलवाल्याचा डिव्हिडंड शाबूत राहिला तरी मधल्या काळात त्याला घरात अडचण आली असती आणि शेअर विकावे लागले असते तर निम्म्याहून कमी भावात विकावे लागले असते. एफडी मोडली तर दंड म्हणून व्याजात थोडी कपात होते, मुद्दल निम्मं होत नाही.

अजून एक समज असतो की व्याजदर वाढले की बँकांची चांदी, म्हणून अशा वेळी बँकांचे शेअर घ्यावेत. कधी कधी खरं आहे. पण दर वाढले की बँकेने आधी कमी रेटला घेऊन ठेवलेल्या बाँडची किंमत पडते. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे असे बाँड ढीगभर होते, तोटा बाहेर आला, ठेवीदार घाबरले, ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. रांगा लागायची वाट पण बघितली नाही, लोकांनी घरबसल्या ऑनलाइन काढले. दर कमी झाले तर उलटा त्रास, बदलत्या रेटच्या कर्जांवरचं व्याज लगेच उतरतं आणि एफड्या मात्र जुन्या रेटने मुदत संपेपर्यंत चालू राहतात, म्हणजे मधलं मार्जिन आक्रसतं. बँकवाल्याला दर वाढले तरी टेन्शन आणि उतरले तरी टेन्शन, आम्ही कँटीनमध्ये म्हणायचो की दर नुसते जागेवर बसले तर आपण सुखी.

याच्याच शेजारची एक गोष्ट, दोन ओळीत सांगतो कारण वयस्कर लोकांना ती फार विकली गेली. बँकांचे पर्पेच्युअल म्हणजे बिनमुदतीचे एटी-१ बाँड. नावात बाँड, रेट एफडीपेक्षा जास्त, विकणारा म्हणायचा बँकेचंच आहे. मार्च २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विस बँकेला तिथल्याच यूबीएस बँकेने उचललं तेव्हा शेअरहोल्डरांना मिळून ३ अब्ज फ्रँक तरी मिळाले, आणि या बाँडवाल्यांचे साधारण १६ अब्ज फ्रँक शून्य केले गेले. पंगतीत शेअरहोल्डर शेवटचा असतो असं मी वर लिहिलं ना, तर तिथे त्याच्याही मागे कुणीतरी बसलेलं निघालं. बाकी समजून घ्या.

मग करायचं काय, असं तुमचे वाचक विचारतील. मी सल्लागार नाही, मी काय करतो तेवढं सांगतो. ती ठेच लागल्यापासून मी यील्डचा रकाना सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की वाईट वर्षांत या बँकेने काय केलं, २००९ ला काय दिलं, २०२० नंतर किती लवकर पूर्ववत झाली, मधे कधी राइट्स आणले का. मग नफ्यातला किती हिस्सा वाटते ते, कारण ऐंशी टक्के वाटणारी बँक ही महिनाअखेरीला खिसा रिकामा करणाऱ्या माणसासारखी, एक आजारपण आलं की उधारी. चाळीसच्या आत वाटत असेल तर नफा थोडा घसरला तरी डिव्हिडंड टिकवायला जागा असते. मग नेट एनपीए (तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं) आणि बुडीतांसाठी किती तरतूद करून ठेवलीय ते. आणि एक गोष्ट जी कुठल्या टेबलात ठळक नसते पण कर्ज खात्यातल्या माणसाला आधी खुपते ती म्हणजे कर्जवाढीचा वेग. बाकीच्या बँका दहा-बारा टक्क्यांनी वाढत असताना एखादी तीस-पस्तीसने वाढत असेल तर मला भीती वाटते, कारण चांगला कर्जदार काही एकदम तिप्पट होत नाही, बाकीच्यांनी परत पाठवलेले लोक तिच्याकडे जात असतात. वाईट कर्ज पहिली दोन वर्षं फार गोड दिसतं, फी मिळते, व्याज मिळतं, दात तिसऱ्या-चौथ्या वर्षी दाखवतं.

आणि एक्स-डेटच्या आदल्या दिवशी शेअर घेऊन डिव्हिडंड खाऊन विकून टाकायचा अशी जी आयडिया सांगत फिरतात तिच्यात काही अर्थ नाही. त्या दिवशी भावातून साधारण तेवढीच रक्कम कमी होते, या हातावरचं त्या हातावर, वर ब्रोकरेज आणि टॅक्स आपल्या माथी.

घरखर्चाचे पैसे मी डिव्हिडंडवर ठेवतच नाही. दोन-तीन वर्षांचा खर्च ठेवींमध्ये आहे, त्याही एका बँकेत नाहीत, आणि ठेवींवरच्या विम्याची मर्यादा बघून वाटलेल्या आहेत. डिव्हिडंड आला तर त्यातून वरचा खर्च, कुठे फिरायला जाणं, नातवंडांचं काही, नाही आला तर ते पुढच्या वर्षी. असं ठेवल्यामुळे २०२० मध्ये मला शेअर विकावे लागले नाहीत, नुसतं चिडून गप्प बसता आलं, आणि मला वाटतं गप्प बसायची सोय असणं हाच त्यात मोठा भाग होता. अजून एक बघायला हवं ते म्हणजे बऱ्याच लोकांचं सगळंच बँकेत असतं, ठेवी बँकेत, शेअर बँकांचे, आणि जो इंडेक्स फंड घेतला त्यातही मोठा हिस्सा बँकांचाच, कारण कित्येक देशांच्या इंडेक्समध्ये तसाच असतो. त्यांना वाटतं आपण तीन टोपल्यांत अंडी ठेवली, प्रत्यक्षात तिन्ही टोपल्या एकाच फळीवर.

तुम्हाला एकच विनंती करायची होती. तुमच्या त्या पानावर जास्त डिव्हिडंड देणाऱ्या शेअरचा तक्ता येतो, त्यात बँकेचं नाव, भाव, डिव्हिडंड आणि यील्ड असे चार रकाने असतात. त्यात अजून दोन घाला. एक, २००८ पासून किती वर्षं डिव्हिडंड दिला नाही. दुसरा, त्या काळात शेअरहोल्डरांकडून नवीन भांडवल किती वेळा मागितलं. जागा नसेल तर यील्डचा रकाना काढा, भागाकार लोक घरी करतील.

ती नऊ टक्केवाली बँक अजून माझ्याकडे आहे, विकली नाही, भरून काढू भरून काढू म्हणत राहून गेली. मागे एकदा तिचा डिव्हिडंड आला. मेसेज वाचून हिने विचारलं, हे व्याज का? मी म्हटलं नाही, आपलेच पैसे थोडे परत आलेत.

आपला,
कर्ज खात्यातून रिटायर झालेला एक नियमित वाचक